पेट्रोल खराब की टाकी खराब? इथेनॉल, पाणी आणि भेसळ यांतला फरक

माझा धाकटा भाऊ दुबईला नोकरी करतो. कोकणातल्या आपल्या हजारो घरांसारखंच आमचंही घर. कमावता माणूस आखातात, अम्मी गावात, आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली त्याची २०१२ सालची गाडी. रमजान ईदला तो आला होता तेव्हा जाताना टाकी निम्मी भरून, गाडी झाकून गेला. त्यानंतर परत आला तो थेट ऑगस्टमध्ये, घरातल्या लग्नासाठी. मधल्या काळात कोकणचा पाऊस त्या गाडीच्या डोक्यावरून गेला.

लग्नाच्या दिवशी बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून करंट देऊन गाडी चालू केली. नाक्यावरच्या पंपावर हजार रुपयांचं पेट्रोल टाकलं. पाच-सहा किलोमीटर गेलो असू. चढण लागली तशी गाडी हिसके द्यायला लागली आणि भर पावसात वळणावर बंद पडली. मागच्या सीटवर अम्मी, मांडीवर आहेराची पिशवी. शेवटी रिक्षा करून आम्ही लग्नाला पोहोचलो, तेव्हा निकाह होऊन गेला होता.

भावाचा राग अनावर. "पंपावाल्याने पाणी मिसळलेलं पेट्रोल दिलं," तो म्हणाला. आम्हा सगळ्यांनाही ते पटलं, कारण गाडी पेट्रोल टाकल्यावरच बंद पडली होती ना! माझ्या भाच्याने तर पंपाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "इथे पेट्रोल भरू नका." तो फोटो संध्याकाळपर्यंत आणखी किती ग्रुपवर गेला, अल्लाहच जाणे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या उस्तादांनी टाकी खाली केली आणि एका पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढून माझ्यासमोर धरलं. बाटलीत दोन थर होते. वर पेट्रोल, खाली जरा गढूळ दिसणारा दुसरा थर. मग ते मला गाडीजवळ घेऊन गेले आणि पेट्रोल भरायच्या तोंडावरची झडप उघडून दाखवली. तिच्या आतल्या खोलगट जागेत साचलेलं पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. ते सुक्या पाल्याने आणि मातीने बुजलं होतं. झाकणाच्या आतलं रबर कडक होऊन चिरलेलं. शेडचा पत्रा नेमका त्याच बाजूला गळत होता.

"टीचर," उस्ताद म्हणाले, "पेट्रोल खराब नव्हतं. टाकी चार महिने पाणी पीत होती."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी पंपावाल्यावर आरोप करताना मी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. म्हणून हा लेख. आजकाल पेट्रोल, इथेनॉल, ई२० या विषयावर मोबाईलवर इतकं काही फिरतंय की खरं काय आणि भीती कुठली, हेच कळेनासं झालंय. माझ्या समजुतीप्रमाणे आपण तीन वेगळ्या गोष्टींची एकच खिचडी करतो. इथेनॉल ही एक गोष्ट, पाणी ही दुसरी, आणि भेसळ ही तिसरी. तिघांची लक्षणं वेगळी, इलाजही वेगळा.

इथेनॉल पेट्रोलमध्ये आलं कसं?

इथेनॉल हा अल्कोहोलचा एक प्रकार. आपल्याकडे तो उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून, तसंच मका आणि तुकडा तांदळापासून बनवतात. महाराष्ट्र साखर कारखान्यांचं राज्य, त्यामुळे या धंद्यात आपला वाटा मोठा आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची सरकारी योजना काही आजची नाही. २००३ साली काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने तिची सुरुवात झाली. पण प्रत्यक्षात २०१३-१४ पर्यंत मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी ठेवलं होतं, ते सरकारने अलीकडे ओढलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्केवालं पेट्रोल, म्हणजे ई२०, काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ मध्ये देशभर तेच नेहमीचं पेट्रोल झालं.

यामागचा हेतू सरळ आहे. आपण बहुतेक कच्चं तेल परदेशातून आणतो. जेवढं इथेनॉल मिसळलं तेवढं कमी आणावं लागतं. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ पासून २०२५ च्या जुलैपर्यंत यातून एक लाख ४४ हजार कोटी रुपयांहून जास्त परकीय चलन वाचलं, आणि ऊस व मका पिकवणाऱ्यांना पैसा मिळाला. हा फायदा खोटा नाही. पण देशाचा फायदा आणि आपल्या दारातल्या जुन्या गाडीचा हिशोब, हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्ही वाचायला हवेत.

मायलेज किती कमी होतं?

"ई२० आल्यापासून मायलेज निम्मं झालं," असं सांगणारे भेटतात. "काहीच फरक नाही," असं म्हणणारेही भेटतात. खरं उत्तर मधे कुठेतरी आहे, आणि ते साध्या गणिताने काढता येतं.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या जागी वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल भरलं, तर लिटरमागे ऊर्जा जवळपास सात टक्क्यांनी कमी होते. पण २०२२ पासून आपण दहा टक्केवालं पेट्रोल भरतच होतो. निम्मी घट आपण तेव्हाच पचवली, फक्त लक्षात आली नाही. दहावरून वीसवर जाताना नवी घट साधारण साडेतीन टक्के.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही असेच आकडे आहेत. जुन्या पद्धतीच्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकीत तीन ते चार टक्के, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकीत फक्त एक ते दोन टक्के.

आता घरचा हिशोब करू. तुमची गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि महिन्याला हजार किलोमीटर चालते. पाच टक्के घट धरली तर मायलेज सुमारे १७ वर येईल. महिन्याला जवळपास तीन लिटर जास्त लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला तीनशे रुपये, वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास. शाळेची व्हॅन किंवा भाड्याची गाडी चालवणाऱ्याचं रनिंग याच्या तिप्पट असतं, तर त्याचं नुकसानही तिप्पट. ही रक्कम छोटी नाही.

पण तुमचं मायलेज वीस-पंचवीस टक्क्यांनी पडलं असेल, तर एकट्या इथेनॉलला दोष देऊन गप्प बसू नका. टायरमध्ये हवा कमी आहे का, एअर फिल्टर तुंबलाय का, ब्रेक चिकटतोय का, प्लग झिजलेत का, हे तपासा. इथेनॉलच्या नावाखाली दुसरा आजार लपून राहतो.

जुन्या गाडीच्या रबरावर काय होतं?

पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत जातं त्या वाटेवर रबराचे पाइप, वॉशर, ओ-रिंग, प्लास्टिकचे भाग आणि वेगवेगळे धातू असतात. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. काही जातीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आणि पुन्हा सुकलं की कडक होऊन चिरतं. शिवाय इथेनॉलबरोबर पाणी आलं की ॲल्युमिनियम, जस्त, पितळ अशा धातूंना गंज चढायची शक्यता वाढते.

नव्या गाड्यांत कंपन्यांनी यासाठी वेगळ्या जातीचं रबर वापरलंय. म्हणून प्रश्न "इथेनॉल चांगलं की वाईट" असा विचारण्यापेक्षा "माझी गाडी कुठल्या सालची" असा विचारा. ढोबळमानाने असं समजा:

१. एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी: तिचे भाग वीस टक्के इथेनॉल सोसतील असेच असतात. टाकीच्या झडपेवर किंवा गाडीच्या पुस्तकात ई२० लिहिलेलं सापडेल. एप्रिल २०२५ नंतरच्या गाड्यांचं इंजिनही त्याप्रमाणे जुळवलेलं असतं. इथे काळजीचं कारण नाही.

२. त्याआधीची, पण इंजेक्शनवाली गाडी: यातल्या बऱ्याच गाड्या दहा टक्क्यांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या आहेत. पुस्तकात बघा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपमध्ये एक सेन्सर असतो. तो धूर "चाखून" संगणकाला सांगतो, आणि संगणक थोडं जास्त पेट्रोल सोडून बरोबरी करतो. म्हणून या गाड्या ई२० वर नीट चालतात. फक्त रबराच्या भागांवर नजर ठेवावी लागते.

३. कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी, स्कूटर किंवा मोटरसायकल: इथे सेन्सर नाही, संगणकही नाही. मिश्रण पातळ होतं. सकाळी गाडी उशिरा चालू होते, हळू वेगात बंद पडते, जास्त तापते. कार्ब्युरेटर जुळवून घ्यावा लागतो आणि त्यातले वॉशर बदलावे लागतात.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला, त्यातही हे मान्य केलंय की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, असं मंत्रालयाचं म्हणणं. ई२० भरलं म्हणून विमा रद्द होतो ही अफवा आहे, हेही त्याच काळात स्पष्ट केलं.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. पेट्रोलचा पाइप पाझरणं म्हणजे नुसतं नुकसान नाही, आगीचा धोका आहे. गाडीत किंवा पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर "नंतर बघू" म्हणू नका.

पाणी आणि इथेनॉलची दोस्ती

आता आमच्या बाटलीतल्या दोन थरांकडे येऊ.

तेल आणि पाणी मिसळत नाहीत, हे पाचवीतलं मूलही सांगतं. पेट्रोल आणि पाणीही मिसळत नाहीत. पण इथेनॉलचं दोन्ही घरांशी नातं आहे. त्याच्या रेणूचं एक टोक पेट्रोलशी जमवून घेतं, दुसरं पाण्याशी. त्यामुळे टाकीत थोडंसं पाणी आलं तर इथेनॉल त्याला पेट्रोलमध्ये मुरवून टाकतं आणि ते इंजिनातून बिनबोभाट निघून जातं. इथपर्यंत इथेनॉल उपयोगीच पडतं.

पण प्रत्येक नात्याची एक सहनशक्ती असते. दहा टक्केवाल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, वीस टक्केवाल्यात त्याहून थोडं जास्त. हवा थंड असेल तर ही मर्यादा कमी होते. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. पेट्रोल खेचणारा पंपही टाकीच्या तळाशीच असतो. मग इंजिनाला पेट्रोलऐवजी पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण मिळतं, आणि गाडी हिसके देऊन बंद पडते.

आमच्या गाडीत हेच झालं. पाइपमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी चालू झाली. नवं पेट्रोल पडल्याने टाकीचा तळ ढवळला गेला. चढणीवर टाकी तिरकी झाली तसं तळातलं सगळं पंपाकडे सरकलं. दोष चार महिन्यांपूर्वीचा, नाव आलं पंद्रा मिनिटांपूर्वी पेट्रोल भरणाऱ्याचं.

इथेच मोबाईलवर फिरणाऱ्या त्या व्हिडिओबद्दलही सांगते. बाटलीत पेट्रोल घ्यायचं, त्यात पाणी टाकून हलवायचं, आणि खालचा थर वाढलेला दाखवून "बघा, पंपावाला पाणी विकतो" म्हणायचं. यात थर वाढतो तो इथेनॉल खाली येतं म्हणून. शंभर मिलिलिटर ई२० मध्ये वीस मिलिलिटर पाणी टाकून हलवलं, तर खालचा थर चाळीसच्या आसपास भरेल. वरचे वीस चोरीचे नाहीत, ते सरकारी नियमाप्रमाणे मिसळलेलं इथेनॉल आहे. हा प्रयोग घरी करू नका. पेट्रोलची वाफ लांबूनही पेट घेते.

याचा अर्थ पंपाच्या टाकीत कधी पाणी शिरतच नाही असा नाही. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपू शकतं. अशा वेळी एकाच पंपावरून, एकाच दिवशी पेट्रोल भरलेल्या अनेक गाड्या बंद पडतात. तुमची एकटीच बंद पडली असेल, तर आधी आपली टाकी बघा.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे काय?

भाऊ सांगतो, "दुबईत पंपावर ९१, ९५, ९८ असे आकडे लिहिलेले असतात, आपल्याकडे काही कळतच नाही." हा आकडा ऑक्टेनचा. पेट्रोल किती शुद्ध आहे ते हा आकडा सांगत नाही. दाबाखाली ते किती धीर धरतं, हे सांगतो.

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते. पेट्रोल अधीर असेल तर ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. तेव्हा चढणीवर इंजिनातून टकटक आवाज येतो. हे फार दिवस चाललं तर पिस्टनचं नुकसान होतं. इथेनॉल या बाबतीत पेट्रोलपेक्षा धीराचं आहे. आपल्याकडचं साधं पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचं होतं, ई२० चा आकडा ९५ आहे.

मग याचा फायदा सगळ्यांना होतो का? नाही. ज्या इंजिनात दाब जास्त ठेवलाय, त्यालाच तो घेता येतो. २०१२ सालच्या साध्या गाडीला ऑक्टेन वाढल्याचा फारसा उपयोग नाही. त्याच कारणाने, गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर बरंच महाग असलेलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून गाडी "ताकदवान" होत नाही.

पेट्रोलचा दर्जा आणखी एका बाबतीत सुधारलाय, त्याची चर्चा होत नाही. ते म्हणजे गंधक. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ पेट्रोल आलं. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग असतं, आधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक कमी म्हणजे धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचं आयुष्य जास्त, आणि आपल्या मुलांच्या फुप्फुसात जाणारी घाण कमी.

खरी भेसळ कशी ओळखायची?

भेसळ ही मात्र गुन्हेगारी आहे. इथेनॉल नियमाने मिसळतात, भेसळ चोरून करतात. रॉकेल किंवा स्वस्तातली द्रावकं पेट्रोलमध्ये मिसळून पैसे कमावणाऱ्या टोळ्या आपल्या राज्याने पाहिल्या आहेत. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांनी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडला, तेव्हा त्यांना जिवंत जाळलं गेलं. या विषयात एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा जीव गेलाय, हे विसरू नये.

रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतो, इंजिन टकटक करतं, काळा धूर येतो, प्लगवर आणि आत काजळी साठते. ही लक्षणं हळूहळू दिसतात, आमच्या गाडीसारखी एका झटक्यात नाही.

शंका आली तर पंपावर तीन गोष्टी मागायचा तुम्हाला हक्क आहे. ओरडायची गरज नाही, शांतपणे मागा.

फिल्टर पेपर: कागदावर नोझलमधून पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. एक-दोन मिनिटांत तो उडून जायला हवा. तेलकट डाग मागे राहिला तर शंका घ्यायला जागा आहे. रंगाची फिकट छटा उरली तर तिची चिंता नको.

घनता: पंपाला रोज सकाळी पेट्रोलची घनता मोजून नोंदवावी लागते. बीएस-६ पेट्रोलची घनता १५ अंश तापमानाला घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असते. तुमच्यासमोर मोजलेला आकडा आणि नोंदीतला आकडा यात तीन किलोपेक्षा जास्त फरक नको. मात्र हुशार भेसळ करणारा जड आणि हलकं असं दोन्ही मिसळून घनतेला चकवू शकतो. म्हणून ही चाचणी पहिली पायरी समजा, शेवटचा निकाल नाही.

पाच लिटरचं माप: वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं माप पंपावर असावंच लागतं. त्यात पेट्रोल मोजून दाखवायला सांगा. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर तक्रार करा.

पावती नेहमी घ्या. पावतीशिवायची तक्रार म्हणजे हवेतल्या गप्पा.

उभी राहणारी गाडी: आखातवाल्या घरांसाठी खास

वर्षातले दहा महिने उभी राहणारी गाडी ही आपल्या कोकणातली खास अडचण. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल पंधरा दिवसांत बदलतं, त्याला बिघडायला वेळच मिळत नाही. उभ्या गाडीत इथेनॉल नसलं तरी पेट्रोल जुनं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि चिकट पदार्थ तयार होतो. उस्तादांनी मला जे सांगितलं ते इथे लिहिते:

• जाण्याआधी टाकीच्या झाकणाचं रबर बघा. कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला. किरकोळ खर्च आहे.
• झडपेच्या आतलं पाणी जायचं भोक बारीक काडीने साफ करा. मग त्यावर थोडं पाणी ओतून ते खाली जातंय का बघा.
• टाकी निम्मी ठेवू नका, जवळपास भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवाच टाकीत दव धरते.
• घरातल्या कुणालातरी किंवा शेजाऱ्याला महिन्यातून एकदा गाडी वीस मिनिटं चालवायला सांगा. नुसती जागेवर सुरू ठेवून भागत नाही.
• चार-पाच महिने उभी राहिलेली गाडी थेट लांबच्या प्रवासाला काढू नका. आधी उस्तादांना दाखवा, शंका असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल काढून बघा.
• जुनी गाडी विकत घेत असाल तर पेट्रोलचे पाइप आणि वॉशर बदललेत का, हे विचारा. नसतील तर त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.
• "इथेनॉल काढून टाकणारं औषध" म्हणून बाटल्या विकतात, त्यावर पैसे घालवू नका. मिसळलेलं इथेनॉल बाटलीभर औषधाने गायब होत नाही.

आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. टाकी उतरवून साफ करणं, फिल्टर, नवीन झाकण, मजुरी, सगळं मिळून साडेचार हजार गेले. झाकणाचं रबर वेळेत बदललं असतं तर दोनशे रुपयांत भागलं असतं.

हक्काचा प्रश्न उरतोच

हे सगळं समजून घेतल्यावरही एक तक्रार रास्त राहते. ब्राझीलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे १९७५ पासून इथेनॉलची मोहीम चालू आहे, आणि आज पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल असतं. पण तिथल्या गाड्या कित्येक वर्षांपासून त्यासाठीच बनतात, आणि २००३ पासून तर कुठल्याही प्रमाणावर चालणाऱ्या गाड्या मिळतात. आपल्याकडे दहावरून वीसवर यायला तीन वर्षंच लागली, आणि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. ज्यांची गाडी जुनी, त्यांना कमी इथेनॉलचं साधं पेट्रोल निवडायची सोय राहिली नाही. ही सोय मागणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

नीती आयोगाच्या त्याच अहवालात असंही सुचवलं होतं की मायलेज कमी होतं, तेव्हा ग्राहकाला किमतीत सवलत मिळावी. सरकारचं म्हणणं असं की इथेनॉलच आता पेट्रोलपेक्षा महाग पडतं, त्यामुळे ते स्वस्त विकता येत नाही. शेवटी महिन्याचे तीनशे रुपये जुन्या गाडीवाल्याच्याच खिशातून जातात. नवी गाडी घ्यायची ऐपत नसलेल्या माणसावर हा बोजा पडतो. तो प्रश्न मोठ्याने विचारायलाच हवा. पण तो योग्य दारात जाऊन विचारायला हवा. पंपावर नोझल धरून उभ्या असलेल्या पोराला शिव्या देऊन नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी आणि भाऊ त्या पंपावर गेलो. मॅनेजरला सगळं खरं सांगितलं. भाच्याने ग्रुपवरचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "चूक आमच्या टाकीची होती." मॅनेजर हसले, चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही परत आलात, एवढं पुष्कळ. आरोप करणारे परत येत नाहीत."

फोटो मात्र किती जणांच्या मोबाईलमध्ये अजून फिरतोय, ते आम्हाला माहीत नाही. टाकी साफ करता येते, पसरलेली गोष्ट साफ करायला असं गॅरेज नाही.